ग्रीक नाण्याचे पदक: आधी कोंदण, मग नाणे

गोव्यातल्या शेटना, म्हणजे सोनारांना, नाण्याचा दागिना नवा नाही. पुतळ्यांच्या, म्हणजे सोन्याच्या नाण्यांच्या, माळेत कडी थेट पुतळीलाच डागतात. ग्रीक चांदीच्या नाण्याला मात्र ही रीत लावू नका. दोन हजारांहून अधिक वर्षे मातीत राहिलेली चांदी कणाकणांच्या सीमेवर गंजून आतून ठिसूळ झालेली असू शकते. झाळ लागली की अशा चांदीला तडा जाऊ शकतो, कधी सरळ दोन तुकडे होतात. भोक पाडणे आणि गोंदाने चिकटवणेही नको. नाणे हवे तेव्हा जसेच्या तसे बाहेर काढता आले पाहिजे.

पहिल्या कामासाठी अलेक्झांडरचा द्राख्मा (ग्रीकांचे चांदीचे नाणे) बरा: वजन साधारण ४.३ ग्रॅम, व्यास १७ मिमीच्या आसपास, एका बाजूला सिंहाचे कातडे पांघरलेला वीर हेराक्लीस, दुसऱ्या बाजूला आसनावरचा देवराज झ्यूस. झिजलेले, सहज मिळणारे नाणे निवडा. दुर्मीळ नाणे दागिन्यात घालू नये. वजन बरेच कमी भरले तर आत तांबे असण्याची शंका घ्या. कडेला सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसली तर ती बहुधा ओतीव नक्कल. नक्कल असली तरी पदक सुंदर होते, फक्त पैसे नकलेचेच द्या. पोर्तुगालला किंवा आखातात राहणाऱ्या नातलगाला भेट द्यायची असेल तर नक्कलच घ्या: १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

ही नाणी गोल नसतात, त्यामुळे व्यासावरून हिशेब चुकतो. कागदाची अरुंद पट्टी कडेभोवती घट्ट गुंडाळून खूण करा. कोंदणाची पट्टी ०.४ मिमी जाडीच्या शुद्ध चांदीची असेल तर त्या मापात १.२५ मिमी मिळवा. ९२.५ टक्के शुद्धतेची चांदी कडक असते, दाबताना फार जोर लागतो. उंची ठरवताना खालच्या बैठकीच्या तारेचा १ मिमी, नाण्याच्या कडेची जाडी आणि वर वळवायला ०.७ मिमी धरा. वरचा भाग जास्त ठेवला तर बिंदूंची किनार झाकली जाते, आणि नाण्याची अर्धी शोभा तिथेच असते.

पट्टीचा सांधा टाकणखार लावून जास्त उष्णतेवर वितळणाऱ्या डागाने (सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूने) जोडा. मग आतून १ मिमी तारेचे कडे बसवा, म्हणजे मागची बाजू उघडी राहील. हे कडे आणि वरची कडी लवकर वितळणाऱ्या डागाने जोडा, नाहीतर पहिला सांधा सुटतो. कडीची जागा ठरवण्याआधी नाणे उलटून पाहा. दोन्ही ठसे एकाच दिशेला असतीलच असे नाही. हेराक्लीस सरळ असताना झ्यूस आडवा दिसू शकतो. कोणती बाजू पुढे राहणार ते आधी ठरवा. डाग झाल्यावर तुरटीच्या गरम पाण्यात उकळा, स्वच्छ धुवा, पूर्ण वाळवा.

काम शेटकडे देणार असाल तर कोंदण तयार होईपर्यंत नाणे स्वतःकडेच ठेवा: ‘‘शेट, माप घ्या, नाणं मागाहून आणून देतो.’’

नाणे बसवताना कोंदणाची वरची कड समोरासमोर दाबत जा: आधी वर-खाली, मग डावी-उजवी, मग मधल्या जागा. एका टोकापासून गोल फिरत गेलात तर जादा धातू शेवटी एका ठिकाणी साचतो आणि सुरकुती पडते. ती कानशीने घालवायला गेले की नाण्याला चरा पडतो. नाण्यावर कागदी चिकटपट्टी लावा. ओबडधोबड कडेच्या, १७ ग्रॅमच्या, घुबडाचा ठसा असलेल्या अथेन्सच्या नाण्याला पट्टीपेक्षा १.२ मिमी तारेच्या चार नख्या बऱ्या.

कांस्याची नाणी अंगावर घालू नका. घाम, खारा वारा आणि आपल्या पावसाळ्यातला दमटपणा यांनी त्यांच्यावर हिरवी भुकटी धरते आणि ती नाणे पोखरत जाते. चांदीचे पदक समुद्रात जाताना काढा, गोड्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा आणि ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद डबीत ठेवा. चिंच, लिंबू, घासायची पूड कटाक्षाने टाळा: खोलगट भागातला काळपटपणा गेला की चेहराच सपाट दिसू लागतो.