गुणवंतांचा सत्कार, आणि त्याच मंडपात कामाची वाटणी

दहावी-बारावीचा निकाल लागला की गावोगावी सत्काराचे बॅनर लागतात. त्यावर पुढाऱ्यांचे फोटो ठळक आणि पोरांची नावं बारीक अक्षरात. पहिली काटछाट इथेच करा: बॅनर नको, तो पैसा पुस्तकांना लावा. सत्कार नेटका झाला तर त्याच मंडपात गावाची चार-पाच कामं मार्गी लागतात. तयारीला मात्र तीन आठवडे धरा.

आधी तारीख. जूनमध्ये पेरणीची घाई असते, जुलैत निंदण-डवरण सुरू होतं. मजुरी बुडवून आई सत्काराला येत नाही, आणि ती नसेल तर पोरीचा सत्कार कोण पाहतं? म्हणून जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातला आठवडी बाजाराचा दिवस बघा. त्या दिवशी बऱ्याच गावांत मजूर बाया वावरात जात नाहीत आणि बाजार आटोपून चारपर्यंत घरी येतात. साडेपाचला सुरू करून सातला संपवा. 15 ऑगस्टची वाट पाहू नका. तोवर निम्मी पोरं अमरावती, नागपूर, पुण्याला गेलेली असतात. पावसाळा आहे, त्यामुळे उघड्या मंडपाऐवजी समाजमंदिर किंवा शाळेचा वऱ्हांडा घ्या. वीज जाणारच हे धरून माइकला बॅटरी ठेवा.

यादीत खरी मेहनत आहे. फक्त टक्केवारी धरली तर दरवर्षी त्याच चार घरांची नावं येतात. शाळेकडून निकाल घ्या, पण अंगणवाडी सेविका, आशाताई आणि पोलीस पाटील यांनाही विचारा. सतरा नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसायचा) फॉर्म भरून दहावी काढलेली सून, आयटीआय करून कामाला लागलेला मुलगा, जिल्ह्याला खेळून आलेली कबड्डीची पोरगी, पोलीस भरतीत निवड झालेला, आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्ती मिळवणारा, हे सगळे यादीत हवेत. पंचवीसच्या वर जाऊ नका. प्रत्येकाची गुणपत्रिका किंवा निवडपत्र डोळ्यांनी बघा, आणि प्रमाणपत्रावरचं नाव त्यावरूनच उतरवा. ऐकून लिहिलेल्या नावात वेलांटी चुकते आणि तो कागद घरात कोणी भिंतीला लावत नाही. यादी आठवडाभर आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली की राहिलेली नावं आपोआप कळतात. कार्यक्रमाच्या दिवशी "आमचं पोरगं काऊन नाही?" हा वाद मग होत नाही.

माइकवर काय बोलायचं ते लिहून ठेवा, प्रत्येकासाठी दोनच ओळी. "हुशार, होतकरू, गावाचं नाव उज्ज्वल केलं" हे पंचवीस वेळा ऐकलं की कोणाचंच काही लक्षात राहत नाही. त्याऐवजी: "गणितात 88. दोन वर्षं तालुक्याची सकाळची एसटी चुकवली नाही." एवढं पुरे. घरची गरिबी, बापाचं कर्ज, आईची धुणीभांडी माइकवर काढू नका. टाळ्या पडतात, पण पोरगी मान खाली घालून उभी राहते. नापास झालेल्यांचा उल्लेख टोमणा म्हणूनही नको.

दोन मिनिटांप्रमाणे पंचवीस सत्कार पन्नास मिनिटांत होतात. भाषणं दोनच, पाच-पाच मिनिटांची, आणि तीही सत्कारानंतर. पाहुण्यांना आधी बोलू दिलं तर साडेसहापर्यंत पहिलं नावही पुकारलं जात नाही. हार आई-वडिलांच्या हातून घाला. शालीऐवजी शब्दकोश, भरतीचा सराव संच किंवा पुढच्या वर्गाचं पुस्तक द्या. देणगी रोख न मागता वस्तूत मागा: एकाने पोहे, एकाने खुर्च्या, एकाने पुस्तकं. त्यामुळे हिशोबावरून गावात तोंडं फिरत नाहीत. दीडशे माणसांच्या चना-पोह्याला 13 किलो पोहे, तर्रीला 3 किलो कोरडा चना (आदल्या रात्रीच भिजवा), आणि चहाला 7 लिटर दूध, दीड किलो साखर, 300 ग्रॅम पत्ती लागते.

आता काम. इथेच बहुतेक कार्यक्रम घसरतात. मंचावर "गावासाठी काही करशील का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी कोणी येत नाही. म्हणून सत्काराच्या चार दिवस आधी घरी जाऊन विचारा. काम त्याने निवडलेलं, आठवड्याला दोन-तीन तासांचं आणि 2 ऑक्टोबरला संपणारं असावं. मंचावर फक्त जाहीर करायचं: कोण, काय, कुठे, कोणत्या वारी. ज्याने नाही म्हटलं त्याचाही सत्कार तेवढ्याच मानाने करा. सेवा ही सत्काराची किंमत नव्हे.

बारावी विज्ञानवाल्यांना नववी-दहावीच्या पोरांना आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित शिकवायला सांगा. भरतीत निवड झालेला असेल तर मैदान आखून घ्या. पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं. अंतर टेपने मोजून चुन्याने खूण केली नाही, तर सराव वेगळ्याच अंतराचा होतो आणि वेळेचा अंदाज चुकतो.

बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी पंधरा दिवसांचं काम आहे, आणि गावाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच: नववी-दहावीच्या पोरांची कागदपत्रांची फाईल. आधार, शाळेचा दाखला आणि बँक पासबुक या तिन्हींवरचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख ताडून बघा. एका अक्षराचा फरकही नोंदवा. महाडीबीटीची (राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरची) शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच येते. खातं जोडलेलं नसेल तर अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात. जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 च्या, अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो. तो आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात किंवा जुन्या कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत) सापडतो. तो शोधायला महिने जातात, म्हणून दहावीच्या निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा नववीतच लागा. हे काम ज्याने नुकतंच स्वतःसाठी केलं, त्याच्याइतकं कोणालाच नीट सांगता येत नाही.

झाडं लावायची तर पंधराच लावा, पण जगवा. खड्डे मे महिन्यातच दीड-दोन फूट खोल खणून तापू द्या. कडुनिंब, करंज, चिंच घ्या, रोप कमरेएवढं बघा, आणि बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण त्याच दिवशी करा. शेळी दुसऱ्या सकाळीच येते. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत प्रत्येक झाडाला आठवड्याला दोन बादल्या पाणी कोण घालणार, ते नाव लावतानाच लिहा. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन पाण्याविना झाड ठेवत नाही.

काही कामं नाहीच द्यायची. जुन्या विहिरीत गाळ काढायला पोरांना उतरवू नका; तळाशी विषारी वायू साचलेला असतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो. विजेचे खांब आणि डीपीही नको. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. मुलींची वेळ अंधार पडायच्या आत आणि दोघी-तिघी मिळून. गावाच्या ग्रुपवर मुलींचे फोटो टाकण्याआधी घरी विचारा. फोन नंबर तर टाकूच नका. रक्तदान शिबिर घेतलं तर वय 18 आणि वजन 45 किलोच्या खाली कोणालाही भरीला पाडू नका.

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत नाव असेल तर वर्षाला 120 तास भरावे लागतात. गावातलं काम त्यात धरता येईल का, हे कार्यक्रम अधिकाऱ्याला काम सुरू करण्याआधी विचारा. नंतर नेलेला दाखला सहसा चालत नाही.

नोंदीला शंभर पानी वही पुरते: तारीख, नाव, काम, तास, सही. वही ग्रंथालयात किंवा शाळेत ठेवा, कोणाच्या घरी नको. पंधरा दिवसांतून एकदा कोणीतरी मोठ्या माणसाने ती चाळायची. सलग दोनदा गैरहजर असेल तर घरी जाऊन अडचण विचारायची, ग्रुपवर नाव टाकायचं नाही. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: खोलीची किल्ली मिळत नाही, खडू संपला, बापासोबत फवारणीला जावं लागलं. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वही वाचून दाखवा, आणि पुढे चालू ठेवायचं काम असेल तर 20 डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीच्या सफाईत, त्याच पोरांकडे गटाचं नेतृत्व द्या. पुढच्या जुलैची यादी करायला यंदाच्या सत्कारातले दोघं-तिघं समितीत घ्या.