बाळाचा विचार आहे? ताट दोघांचंही बघा

मूल हवं म्हटलं की सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचा पथ्यांचा मारा सुनेवरच. नवरा मावा चघळत मोकळा! शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे त्याने आज मावा, दारू सोडली तरी फरक पडायला तेवढा अवधी द्यावाच लागतो. आधी ते सोडा, मग बदाम-अक्रोड भिजत घाला.

तिच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं फॉलिक अ‍ॅसिड: रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते. तेव्हा पाळी चुकल्याचं नुकतं कुठं लक्षात आलेलं असतं. मेथी, पालक, हरभरा, मसूर जेवणात हवेतच, पण तेवढ्यावर भागत नाही. गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा.

पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडानं पाळी अनियमित होण्याचा त्रास) आणि जास्त वजन असेल तर पाच-दहा टक्के वजन उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते. त्यासाठी तांबडा-पांढरा रस्सा बंद करायला नको, रविवारी खुशाल भुरका. रोजची साखर, फरसाण, कोल्ड्रिंक आवरा. जेवणाबरोबर चहा नको, लोह अंगी लागत नाही. जेवणावर लिंबू पिळा, त्यानं ते लागतं.

आणि कोल्हापूरच्या गंगावेशीत उभ्यानं धारोष्ण दूध प्यायची हौस सध्या बाजूला ठेवा. जनावराला ब्रुसेलोसिस हा जंतुसंसर्ग असेल तर निरशा दुधातून तो माणसाला होतो. पुरुषाच्या वृषणांना सूज येऊ शकते, गर्भवतीला गर्भपाताचा धोका असतो. तेच दूध घरी आणून उकळून प्या.

वर्षभरात, तिची पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांत, दिवस राहिले नाहीत तर तपासणी दोघांनीही करा.