औषधांची बिलं विम्यातून कशी सोडवावीत : एका रिटायर कंडक्टरची पद्धत

मी चाळीसगाव डेपोचा, एस.टी.तून रिटायर झालेला कंडक्टर. वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशोबात, दोन रुपयांचा फरक आला तरी झोप लागायची नाही, ती सवय बायकोच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी कामाला आली. ती म्हणे, "इतला कागद कसाले जमा करी ऱ्हायनात?"

ॲडमिट करायच्या आधी पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा बघा. आमची तीन लाखांची, रोजचे ३,००० रुपये. जळगावच्या दवाखान्यात खोली मिळाली ४,००० ची. वरचे हजार आपण भरू, एवढाच माझा हिशोब. पण डिस्चार्जच्या वेळी कळलं, खोलीभाड्यातला चौथा हिस्सा जादा म्हणून साऱ्या बिलालाच पंचवीस टक्के कात्री. १८,४०० च्या औषधांतूनही ४,६०० गेले.

इथंच बहुतेक लोक सही करून घरी जातात. तुम्ही कपातीचा तपशील लेखी मागा. खोलीभाडं जास्त झालं म्हणून डॉक्टरांची फी, नर्सिंग वगैरेत त्या प्रमाणात कपात होऊ शकते. औषधं, इम्प्लांट (शरीरात बसवलेली वस्तू) आणि तपासण्यांवर ती लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चावरही नाही. विमा नियामकाचा २०२० पासूनचा नियमच आहे. मी एवढंच लिहून कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केला, पोरानं टाइप करून दिला. औषधांचे ४,६०० परत आले. हातमोज्यांचे पैसे मात्र नाही आले. त्यावर भांडून उपयोग नाही.

कंपनीनं ऐकलं नाही तर विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' हे तक्रारीचं पोर्टल आहे. कंपनीचं तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. जुना आजार लपवला म्हणून क्लेम नाकारतील ही भीती असेल, तर पॉलिसीचा फॉर्म भरतानाच खरं लिहा. आम्ही शुगर लिहिली होती. अशा आजाराला विमा लागू व्हायला आता जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं.

आता घरी आल्यावरची औषधं. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर साठ दिवसांचा खर्च मिळतो, तुमच्यात किती ते बघा. बिल पक्कं हवं, बॅच नंबरसकट, आणि पेशंटच्याच नावाचं. मेडिकलवाला काउंटरवर उभ्या माणसाचं नाव टाकतो. माझं १,१४० चं बिल तसंच गेलं : पेशंट बाई, बिल बुवाच्या नावावर! प्रत्येक बिलामागे त्या तारखेची डॉक्टरांची चिठ्ठी लावा, झेरॉक्स काढून ठेवा.

साठ दिवसांनंतर साध्या पॉलिसीत गोळ्यांना पैसे नाहीत. तिथून खिसा आपला. डॉक्टरांना सरळ म्हणालो, "साहेब, जेनेरिक नाव लिहून द्या." 'जनऔषधी सुगम' ॲपवर स्वस्त जेनेरिक औषधांचं जवळचं केंद्र सापडतं. महिन्याचे २,१०० लागायचे, आता सातशेच्या आत भागतं. पण रक्त पातळ करायची गोळी मनानं बदलू नका. आणलेलं पाकीट डॉक्टरांना दाखवा, मिलिग्रॅम जुळवा.

साठ दिवस संपल्यावर कागद पाठवायला आम्हाला पंधरा दिवसांची मुदत होती. पासष्टाव्या दिवशी लिफाफा पोस्टात टाकला. स्पीड पोस्टची पावतीही फायलीला लावली, शेवटच्या फेरीच्या तिकिटासारखी.