नाताळचा गोठा (येशूजन्माचा देखावा) करताय? आधी गहू भिजवा
१५ डिसेंबरच्या आसपास मूठभर गहू रात्रभर भिजवा, सकाळी निथळून करवंटीत ओल्या मातीवर पसरा आणि रोज हातानेच पाणी शिंपडा, जास्त ओतलं की बुरशी धरते. ८-९ दिवसांत बोटभर हिरवंगार गवत येतं, तेच गोठ्याभोवती लावायचं. प्लास्टिकच्या गवतापेक्षा मला हे कधीही आवडतं, कारण दाणा मातीत पडून मेला तरच पीक देतो हे येशूनेच सांगितलंय (बायबल, योहान १२:२४). बाळ येशूला मात्र आधी ठेवू नका हां, २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामीच राहू दे, पोरं रोज डोकावून विचारतात बाळ कधी येणार, आणि आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे वाट पाहायचे दिवस, काय असतो ते त्यांना तिथेच कळतं. चांदणी दाराबाहेर टांगा, बाळाला भेटायला आलेले तीन राजे गोठ्यात ६ जानेवारीला ठेवा.