पोलिसांचा ड्रोन गच्चीवरून गेला? माहिती अधिकारात नेमकं काय मागायचं

संक्रांतीला नायलॉन मांजा शोधायला नागपुरात महाल, सक्करदऱ्याकडे पोलिसांचा ड्रोन दिसला की व्हॉट्सॲपवर दोनच सल्ले येतात, "पोलिसांना कुठला नियम" नाहीतर "सरळ कोर्टात जा". दोन्ही फालतू.

पोलिसांच्या ड्रोनसाठी देशात वेगळा कायदा नाही हे खरं, पण ड्रोन नियम २०२१ ज्यांना लागूच होत नाहीत ते म्हणजे लष्कर, नौदल, हवाई दल. पोलीस त्यात नाहीत. म्हणजे नोंदणी, यूआयएन (प्रत्येक ड्रोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), झोन (कुठं परवानगीशिवाय उडवता येतं, कुठं नाही) हे सगळं त्यांनाही आलंच, आणि सोनेगावचं एअरपोर्ट शहरालाच लागून असल्यानं झोनचा मुद्दा आपल्याकडे सोडूच नका.

जोडपत्र अ भरा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोलीस आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या.

खरी गोम मजकुरात आहे. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, त्यात लोक "आमच्या गच्चीचं शूटिंग काहून केलं" लिहितात आणि महिन्याभरानं "प्रश्नार्थक माहिती देय नाही" असा एका ओळीचा कागद येतो, मला एका कार्यालयातून आलेला अजून फाईलीत आहे. हा कायदा रेकॉर्ड देतो, खुलासा नाही. म्हणून "प्रत द्यावी" असंच लिहा: ड्रोनचे यूआयएन, अमुक तारखेला अमुक ठाण्याच्या हद्दीतल्या उड्डाणाचा आदेश, झोनची परवानगी आणि लॉग (उड्डाणाची नोंद), फुटेज किती दिवस ठेवायचं याचं परिपत्रक, केंद्रानं नियमांतून वेगळी सूट दिली असेल तर तिचीही प्रत. तारीख आणि ठाणं लिहाच, नाहीतर "माहिती विस्तृत आहे". खासगीपणावर भाषण नको बाप्पा, खासगीपणा हा मूलभूत हक्क सांगणारा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल हायकोर्टात कामाचा, इथं नुसते शब्द खातो.

फुटेज पहिल्याच अर्जात मागू नका. तपासाचं कारण देऊन माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(h), म्हणजे तपासात अडथळा येईल म्हणून माहिती नाकारायचं कलम, लावतात आणि त्याच दणक्यात परिपत्रकही नाकारतात. तसं झालंच तर अपिलात दोन गोष्टी लिहा: तपास चालू आहे एवढं पुरत नाही, माहिती दिल्यानं त्याला अडथळा कसा होतो ते दाखवावं लागतं (दिल्ली हायकोर्ट, २००७, भगत सिंग प्रकरण), आणि कलम १० प्रमाणे गोपनीय भाग झाकून बाकीचं देता येतं.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये. दुसरं ९० दिवसांत, माहिती आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे, मुंबईच्या चकरा नाहीत.