ब्रिटनच्या निवडणुकीत मत कुणाला द्यायचं, हे मी कसं ठरवते

२०२४ च्या जूनमध्ये लेस्टरहून माझ्या भाच्याचा फोन आला. वर्क व्हिसावर येऊन त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. "मावशी, मला मतदानाचं कार्ड आलंय. चुकून आलंय का? आणि खरंच मत असेल, तर द्यायचं कुणाला?"

चुकून आलेलं नव्हतं. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, फॉर्म त्याने भरून पाठवला होता, पण त्यातून आपण मतदार झालो हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपल्यातल्या पुष्कळ जणांना आजही माहीत नाही, म्हणून आधी तेच सांगते. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असला, तुम्ही इथे कायदेशीर राहत असलात आणि अठरा पूर्ण असलात, तर राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तुम्हाला इथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत आहे. वीस वर्षं इथे राहिलेल्या माझ्या जर्मन शेजारणीला ते नाही. २०१० साली मी पहिलं मत दिलं तेव्हा माझ्याकडेही भारतीय पासपोर्टच होता. नाव मात्र आपणहून नोंदवावं लागतं. नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी असला की ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे, पण मतदानाच्या बारा कामाचे दिवस आधी मुदत संपते.

आता कुणाला द्यायचं. भाच्याला जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते.

निवडणूक जाहीर झाली की दारातून पत्रकं पडायला लागतात. ती वाचण्याआधी मी एक वही घेऊन बसते आणि माझे तीन प्रश्न लिहून काढते. हा क्रम मी मोडत नाही. आधी पत्रकं वाचली की त्यांचेच प्रश्न आपले वाटायला लागतात. २०२४ चे माझे प्रश्न असे होते: सासूबाईंच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेला अजून किती थांबायचं? मुलगा विद्यापीठात जाणार, त्याच्या वर्षाला ९,२५० पौंड फीचं पुढे काय होणार? आणि भाच्यासारख्यांना इथे कायमचं राहायचं तर नियम आणि खर्च कुठवर चढणार? व्हिसासोबत भराव्या लागणाऱ्या एकट्या हेल्थ सरचार्जचेच त्या वर्षी फेब्रुवारीपासून माणशी वर्षाला १,०३५ पौंड झाले होते.

प्रश्न असा लिहावा की उत्तरात आकडा किंवा तारीख यावीच लागेल. "आरोग्यसेवा सुधारू" याला मी उत्तर धरत नाही. एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, स्वतःचं मोजमाप अठरा आठवड्यांत उपचार सुरू होण्याचं आहे. तिथवर परत केव्हा येणार, जादा डॉक्टर कुठून आणणार, पैसे कुठल्या करातून काढणार, एवढं लिहिलं असेल तर ते उत्तर.

लिहून झालं की प्रत्येक प्रश्नापुढे तो कुणाच्या हातात आहे ते मांडा. कचरा, रस्त्यातले खड्डे, कौन्सिल टॅक्स, पार्किंग ही कामं कौन्सिलची. तिची निवडणूक वेगळी. तुम्ही ग्लासगो किंवा कार्डिफला असाल तर दवाखाने आणि शाळा तिथल्या सरकारच्या अखत्यारीत येतात, वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधल्या पार्लमेंट आणि सरकारच्या नाही. व्हिसा, परराष्ट्र धोरण आणि बहुतेक मोठे कर मात्र सगळ्या देशासाठी वेस्टमिन्स्टरच ठरवतं. खड्ड्यांवरून खासदार निवडला, तर पाच वर्षं त्याच खड्ड्यातून जावं लागेल.

मग जाहीरनामे. पूर्ण वाचायला कुणाला वेळ नसतो, मलाही नसतो. पीडीएफ उघडते आणि माझ्या तीन विषयांचे शब्द त्यात शोधते. काय सापडलं, त्याहून काय सापडलंच नाही हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यानंतर इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने त्या जाहीरनाम्याच्या हिशोबाबद्दल काय म्हटलंय ते वाचते. ही मंडळी कुठल्याच पक्षाची भीड ठेवत नाहीत. २०२४ मध्ये त्यांनी दोन्ही मोठ्या पक्षांच्या आकडेमोडीवर बोट ठेवलं होतं.

इथवर पक्षांचं झालं. पण मतपत्रिकेवर पंतप्रधानांचं नाव नसतं, ते त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघापुरतंच. आपल्याला ६५० पैकी एक खासदार निवडायचा असतो, म्हणून त्या माणसाकडे नीट बघा. तो आधीपासून खासदार असेल तर 'दे वर्क फॉर यू' या संकेतस्थळावर आपला पोस्टकोड टाका. कुठल्या ठरावावर कसं मत दिलं, सभागृहात काय बोलला, सगळं निघतं. तिथे एक सांभाळा: बहुतेक मतं पक्षाच्या आदेशानेच पडतात, त्यामुळे पक्षाच्या विरोधात गेलेली मतं आधी वाचा. माणूस तिथे कळतो. आर्थिक हितसंबंधांची नोंदवहीही सगळ्यांना खुली असते. खासदारकीखेरीज कुठून किती पैसे मिळतात ते त्यात दिसतं.

नवा उमेदवार असेल तर त्याला लिहून विचारा. मी २०१९ मध्ये पाचही उमेदवारांना तोच चार ओळींचा ईमेल पाठवला. दोघांची उत्तरं आली. एकाने छापील मजकूर चिकटवला होता, दुसरीने माझ्या दुसऱ्या प्रश्नाला सरळ लिहिलं, "यावर माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे, कारण सांगते." मी तिच्याशी सहमत झाले नाही, पण मत तिलाच दिलं. तोंडावर खरं बोलणारा माणूस मला पाच वर्षं चालतो.

खासदाराच्या भेटीच्या वेळेला इथे 'सर्जरी' म्हणतात. बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी, आधी वेळ घेऊन. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचा अर्ज आठ महिने एका कचेरीत पडून होता. खासदाराच्या कार्यालयातून पत्र गेलं आणि तीन आठवड्यांत निकाल आला. म्हणून जुन्या खासदाराबद्दल शेजारीपाजारी विचारताना "कुठल्या पक्षाचा?" एवढ्यावर थांबू नका, "पत्राला उत्तर देतो का?" हेही विचारा.

आता गणित. ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो जिंकला, निम्म्याहून अधिक लागतातच असं नाही. २०२४ मध्ये लेबर पक्षाला देशभरात साधारण ३४ टक्के मतं आणि चारशेच्या वर जागा मिळाल्या. रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतं आणि जागा पाच. भाच्याच्याच लेस्टर ईस्टमध्ये दोन माजी लेबर खासदार लेबरच्या विरोधात उभे राहिले, मतं फुटली आणि काँझर्व्हेटिव्ह उमेदवार ३१ टक्क्यांवर निवडून आली. म्हणून मागचा निकाल काढून बघा: पहिला कोण, दुसरा कोण, अंतर किती. २०२४ ला बऱ्याच मतदारसंघांच्या सीमा बदलल्या आहेत, तेव्हा त्याआधीचे आकडे जपून वापरा.

अंतर मोठं असेल तर मी मनातल्या उमेदवाराला मत देते. तो हरला तरी त्याचा आकडा वाढलेला दिसतो, आणि ५ टक्क्यांच्या वर गेला तर त्याचं ५०० पौंडांचं डिपॉझिट वाचतं. लहान पक्षांना ते मोठं असतं. अंतर थोडं असेल, तर पहिल्या दोघांपैकी कोण नकोच आहे हे विचारून त्याच्या विरोधात जो जिंकू शकतो त्याला देते. दोन्ही रीती प्रामाणिक आहेत. २०२४ ला लंडनच्या हेंडन मतदारसंघात निकाल १५ मतांनी लागला. तिथे राहणारी माझी एक मैत्रीण ड्यूटीवरून उशीर झाला म्हणून गेलीच नव्हती. ती अजून हळहळते. १८९२ साली आपल्या मुंबईचे दादाभाई नौरोजी फिन्सबरीतून पार्लमेंटात गेले, तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी.

हे गणित पत्रकांवरून करू नका. "इथे फक्त आम्हीच जिंकू शकतो" असं लिहून शेजारी दांड्यांचा आलेख छापतात. असाच एक आलेख मी मुलाची पट्टी घेऊन मोजला. ३१ टक्क्यांचा दांडा सहा सेंटीमीटर आणि २७ टक्क्यांचा दोन. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की आकडे कौन्सिलच्या निवडणुकीचे आहेत. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता, त्याने योग्य मापाचा आलेख शेजारी काढून दिला. ते पत्रक मी अजून वहीत ठेवलंय.

व्हॉट्सअ‍ॅपवर "आपल्या माणसाला मत द्या" असे निरोपही येतात. आपला माणूस निवडून आला की मलाही आनंद होतो. पण आडनाव वाचून वहीतल्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत, ती त्यालाही विचारा.

ठरलं की बाकी तयारी सोपी आहे. मतदान बहुधा गुरुवारी असतं, सुट्टी नसते, सकाळी ७ ते रात्री १०. पोस्टाने मत द्यायचं तर अर्ज अकरा कामाचे दिवस आधी पोचला पाहिजे. फोटोचं ओळखपत्र लागतं, इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये सार्वत्रिक निवडणुकीत ते २०२४ ला पहिल्यांदा लागू झालं. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेलाही, फोटो ओळखू आला म्हणजे झालं. आपल्याकडे बायकांची अडचण नावाची होते. पासपोर्टवर माहेरचं आणि यादीत सासरचं नाव असेल, तर लग्नाचा दाखला सोबत न्या, किंवा आधीच यादीतलं नाव दुरुस्त करून घ्या.

मतदान केंद्राच्या दारात पक्षांचे कार्यकर्ते तुमचा मतदार क्रमांक विचारतील. सांगायची सक्ती नाही. आत यंत्र नसतं, बोटाला शाई नसते आणि 'नोटा'ही नसतो. कागद, दोरीला बांधलेली पेन्सिल आणि एक लाकडी आडोसा. ज्याला मत द्यायचं त्याच्या नावापुढे एकच फुली मारा, नाव-सही काही लिहू नका. माझ्या मैत्रिणीसारखा उशीर झालाच, तरी दहा वाजायच्या आत रांगेत उभ्या राहा. रांगेत असलेल्याला मत दिल्याशिवाय परत पाठवत नाहीत.