तापातून उठलात आणि गर्भनिरोधक गोळी चालू आहे? मग पाय बघा

कोविडसारख्या तापानंतर काही आठवडे पायाच्या शिरेत रक्त गोठून गुठळी व्हायची शक्यता वाढलेली असते आणि माला-डी सारख्या गोळीत इस्ट्रोजेन असतं, तेही ती थोडी वाढवतं. घाबरू नका, एरवी गोळी घेणाऱ्या 10,000 बायकांत वर्षाला साधारण 3 ते 9 जणींनाच गुठळी होते, गरोदरपणात तर त्याहून जास्त.

पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा, आईला किंवा बहिणीला गुठळी झालेली असेल तर आधी तेच सांगा. गोळी मनानेच बंद केली तर निरोध वापरा. आणि हो, गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल तर तीही सांगा, आपल्याकडे बायका ती औषधात धरतच नाहीत!

शिवणाची टेप घ्या, गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या 10 सेंमी खाली दोन्ही पोटऱ्या मोजा, 3 सेंमीपेक्षा जास्त फरक किंवा एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, दुखतोय तर त्याच दिवशी दाखवा, चोळू नका. टेपचं माप सारखं आलं पण दुखतंय, तरी जाच. धाप, छातीत कळ, अचानक भयंकर डोकेदुखी झाली तर सरळ 108.

तासन्‌तास बसूनही पायात रक्त साकळतं, म्हणून सांगली-मुंबई रात्रीची गाडी असेल तर पाणी पीत राहा, कराड-साताऱ्याला थांबली की उतरून चाला.